पाऊसबाई किल्ला बघायला जाते

कात्सुको माझ्या दुकानात केस कुरळे करून घ्यायला आली, की आमच्या रस्त्यावरच्या बायका वाळत घातलेली माकुळं काढायला पळतात. आकाशात ढगाचा ठिपका नसला तरी पळतात. आमचं गाव समुद्रकाठचं. घरोघरी दोऱ्यांवर समुद्रातून आणलेली माकुळं वाळत असतात आणि त्यांच्यावरच इथल्या चुली पेटतात, त्यामुळे पावसाच्या बाबतीत कुणी धोका पत्करत नाही. माझं केस कापायचं दुकान वळणावर आहे आणि त्याची काच मोठी आहे. कात्सुको खुर्चीत बसली आणि डोक्याला रोलर लागले, की समोरची किनू हातातला झाडू टाकून ओरडते, “अगं बायांनो, ती कुठंतरी निघालीय! आत घ्या, आत घ्या!”

कात्सुको ते सगळं आरशातून बघत असते. “बघ तोकी,” ती मला म्हणते, “राजघराण्यातली बाई आली तरी एवढी धावपळ होणार नाही.”

आमच्याकडे काही माणसं पाऊसबाई किंवा पाऊसबुवा म्हणूनच ओळखली जातात. ती सहलीला निघाली की पाऊस येतो. रोजच्या कामाला काही होत नाही. कात्सुको गेली पन्नास वर्षं रोज पहाटे बंदरावर जाते, माकुळं आणते, चिरते, धुते, दोरीवर लावते आणि दुपारी रस्त्याकडेच्या टपरीवर भाजून विकते. तेव्हा आकाश तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण चांगले कपडे घालून, डबा भरून, मजा करायला म्हणून ती घराबाहेर पडली, की संपलंच.

दुसरी एखादी असती तर शरमेनं घरात बसली असती. कात्सुकोनं मात्र ती पदवी मिरवली. तिच्या लग्नात इतका पाऊस पडला की नवरदेव गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आला. सासूनं तोंड वाकडं केलं तेव्हा ही पांढऱ्या टोपड्याखालून म्हणाली, “आई, माकुळं आत घेतलीत ना? मी येणार म्हटल्यावर घ्यायलाच हवी होती.” एका कोरड्या उन्हाळ्यात आतल्या गावचे भातवाले साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली घेऊन तिच्या दारात आले. आमच्या बांधावर एक दिवस डबा खायला या, म्हणून विनवू लागले. ती ठेवणीतला किमोनो नेसून गेली आणि संध्याकाळी पाऊस आला. त्या शरदात त्यांनी तिला तांदळाचं पोतं पाठवलं. त्यातला भात मीही खाल्लाय, म्हणून त्यावर मी काही बोलत नाही.

खरं सांगायचं तर मी असलं काही मानत नाही. हवामान खातं आहे, उपग्रह आहेत, टीव्हीवर नकाशे दाखवतात. फक्त कात्सुकोबरोबर कुठं जायचं असेल तर मी छत्री घेते.

तिला एकच मुलगी, चिझुरू. चिझुरू पहिलीत गेली तेव्हा शाळेच्या क्रीडादिनाला कात्सुको पहाटे उठून थराथरांचा लाखेचा डबा भरून गेली. अंड्याच्या गोड गुंडाळ्या, खारवलेल्या माशाचे भाताचे गोळे, सोयाच्या तळलेल्या पातळ पिशवीत भरलेला आंबट भात. क्रीडादिनाला अख्खी घरंच्या घरं मैदानावर चटया टाकतात, आणि कुणाच्या डब्यात काय होतं याची चर्चा पुढच्या वर्षीपर्यंत चालते. मी दुकानात होते, पुढचं कानावर आलेलं सांगते: सकाळी ऊन होतं. दुपारी रिले शर्यत सुरू झाली. पहिल्या मुलीनं अर्धं मैदान कापलं, चिझुरू पुढच्या वळणावर हात मागे करून उभी राहिली, आता तिच्या हातात काठी येणार, तोच आभाळ फाटलं. शर्यत थांबली. चटया गोळा करता करता बायका हसायला लागल्या, “अहो, तुम्ही आला होतात होय! आधी सांगायचंत ना!” चिझुरू चिखलात उभी राहून हमसून हमसून रडली.

ते रडणं कात्सुकोच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून तिनं कानाला खडा लावला. चिझुरूच्या एकाही क्रीडादिनाला ती पुन्हा गेली नाही. सहावीपर्यंत दरवर्षी डबा भरायची, नवऱ्याच्या आणि सासूच्या हातात द्यायची आणि स्वतः अंगणात माकुळं चिरत बसायची. दरवर्षी लख्ख ऊन पडायचं. “बघितलंस?” ती मला ऐटीत सांगायची. “मी घरी बसले म्हणून अख्खी शाळा कोरडी आहे.”

माझ्या दुकानाच्या मागच्या दारातून तिचं अंगण दिसतं. शाळा टेकडीपलीकडे, पण कर्ण्यावरचा आवाज इकडे येतो. रिलेचं ते धावतं संगीत लागलं की कात्सुको हातातली सुरी तशीच धरून माकुळांच्या दोन दोऱ्यांमध्ये उभी राहायची, टेकडीकडे तोंड करून. आणि म्हणायची, “पळ, चिझुरू, पळ! मागं बघू नकोस!” एकदा मी कुंपणावरून विचारलं, “कुणाशी बोलतेस गं?” 

“माकुळांशी,” ती म्हणाली. “नीट वाळा म्हणून सांगतेय.”

आणखी एक गोष्ट ती दरवर्षी सांगायची. क्रीडादिनाच्या आदल्या दिवशी आमची मुलं कागदाची पांढरी बाहुली करून खिडकीत टांगतात, उद्या ऊन पडावं म्हणून. चिझुरूही टांगायची. “पोरीला साधी गाठ मारता येत नाही,” कात्सुको कुरकुरायची. “सकाळी बघावं तर बाहुली डोकं खाली करून लोंबतेय. दरवर्षी मलाच सरळ करून घट्ट बांधावी लागते.” डोकं जड असतं त्या बाहुल्यांचं, उलटतात कधीकधी. मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

चिझुरू मोठी झाली, हिरोसाकीला जाऊन नर्स झाली, तिथंच लग्न करून राहिली. गाडीनं जायचं म्हटलं तर अर्ध्या दिवसाचंसुद्धा अंतर नाही. पण मायलेकींचं बोलणं फोनवर, आणि तेही हवामान खात्यासारखं. थंडी आहे, बर्फ वितळला, सगळे बरे. दर वसंतात चिझुरू विचारायची, इथल्या किल्ल्यावर चेरीचा साकुरा फुललाय, येतेस का? आणि कात्सुको दर वसंतात तेच उत्तर द्यायची, “अगं, लांबलांबून माणसं येतात तिथं. दुकानदारांची वर्षाची कमाई त्या आठवड्यावर असते. मी कशाला सगळ्या शहराचा सण बुडवू?” विचारतानाचा चिझुरूचा आवाज वर्षागणिक कोरडा होत गेला. कात्सुकोच्या ते ध्यानात आलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण ती मनातलं ओठावर येऊ देणारी बाई नाही. नवरा गेला त्या दिवशी मात्र स्वच्छ ऊन होतं. “मजा करायला नव्हते ना निघाले,” एवढंच ती म्हणाली होती.

यंदा एप्रिलच्या शेवटी एका सकाळी ती माझ्या दुकानात आली आणि खुर्चीत बसली.

“काय करायचं?” मी विचारलं.

“काही नाही. बसू दे जरा.”

काही न करता बसलेली कात्सुको मी जन्मात पाहिली नव्हती. मी हातातली कात्री खाली ठेवली. समोर किनूनं झाडू टाकला होताच; तिला मी हातानंच खूण केली, गप्प बस म्हणून.

“चिझुरूचा फोन होता,” कात्सुको म्हणाली. “जावयाची बदली झालीय. फुकुओकाला. मेमधल्या सुट्ट्या संपल्या की निघणार.”

“बाप रे! देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.”

“म्हणाली, या रविवारी किल्ल्यावर ये. मी नेहमीसारखंच म्हटलं, लोकांचा सण कशाला बुडवू. तर म्हणाली...” तिनं आरशात स्वतःकडे बघितलं. “म्हणाली, आई, ही शेवटची वेळ. आता नाही आलीस तर यापुढं मी तुला कशालाच बोलावणार नाही.”

माझं डोकं फिरलं. लेकीवर नाही, हिच्यावर. “आणि तू अजून इथं बसलीयस? कात्सुको, एका बाईनं सबंध शहर भिजवायचं म्हणजे तुझी ऐट आता फारच झाली!”

“ऐट नाही, अनुभव आहे.”

“अनुभव घाल चुलीत! पोरगी भिजायला तयार आहे, तुझं काय जातंय?”

“तू नव्हतीस त्या दिवशी मैदानात,” ती हळू म्हणाली. “ती कशी रडली होती ते तू बघितलं नाहीस. माझ्यामुळे तिच्या हातात काठी आली नाही. शेवटच्या भेटीतसुद्धा तेच करू?”

“आणि गेली नाहीस तर? शेवटची भेटच नाही. मग काय करशील? फुकुओकाकडे तोंड करून माकुळांशी बोलशील?”

 ती बराच वेळ आरशात बघत राहिली. मग एकदम पाठ ताठ केली, खुर्चीच्या पाठीवरची पांढरी चादर स्वतःच गळ्याभोवती ओढून घेतली आणि म्हणाली, “कर कुरळे. घट्ट कर. भिजले तरी सुटायला नकोत. आणि रविवारी दुकान बंद ठेव. मला सोबतीला माणूस लागेल.”

रविवारी आम्ही निघालो तेव्हा आकाश निळंभोर होतं आणि रस्त्यावर एकही माकूळ नव्हतं. मोकळ्या दोऱ्या नुसत्याच वाऱ्यावर हलत होत्या. किनू दारात उभी राहून म्हणाली, “कात्सुकोसान, कधी पाडणार तेवढं सांगून जा, म्हणजे धुणं त्या बेतानं टाकते.” 

“दुपारनंतर,” कात्सुकोनं ठसक्यात सांगितलं. 

स्टेशनातला तिकीटवाला तिचे केस बघून दचकला. “मावशी, बायकोनं गाद्या उन्हात टाकल्यात हो!” 

“मग फोन कर तिला. उभा काय राहिलास?”

लाखेचा तो जुना डबा तिनं निळ्या फडक्यात बांधून मांडीवर धरला होता. गाडी समुद्राच्या कडेकडेनं चालली होती. पाणी चमकत होतं. कात्सुको प्रत्येक स्टेशनला मान वाकडी करून वर बघायची. गाडी आत वळली, सफरचंदाच्या बागा लागल्या, इवाकीचा डोंगर डोक्यावरच्या बर्फासकट अख्खाच्या अख्खा समोर उभा राहिला. त्याच्या अंगावर ढगाची एक चिंधीही नव्हती. “उशीर होतोय त्याला,” ती म्हणाली. पावसाबद्दल ती नेहमी असंच बोलते, वेळेवर न येणाऱ्या दिरासारखं.

हिरोसाकीच्या स्टेशनाबाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं. पोरी पातळ झगे घालून हिंडत होत्या. आणि त्या गर्दीत आमची चिझुरू उभी होती, गुडघ्यापर्यंत काळे रबरी बूट, हातावर रेनकोट, बगलेत एक भली मोठी छत्री. येणारेजाणारे तिच्याकडे बघून हसत होते. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईचा चेहरा ती बघत होती. आई दिसली आणि तिचं तोंड जरासं उघडंच राहिलं.

“आलीस,” ती म्हणाली.

“आले म्हणजे काय? बोलावलंस ना? आणि हे काय ध्यान केलंयस? कोळ्याच्या घरातून पळून आल्यासारखी!”

“तू येणार म्हटल्यावर दुसरं काय घालणार?”

कात्सुको खूश झाली. “बघ तोकी. एवढी वर्षं शहरात राहून पोरगी काही विसरलेली नाही.” मग तिची नजर छत्रीच्या मुठीवर गेली. तिथं दोऱ्यानं एक छोटी पांढरी कागदी बाहुली बांधली होती, डोकं खाली, पाय वर. “अगं बाई! चाळिशी उलटली तरी गाठ मारता येत नाही तुला?” म्हणत तिनं तिथल्या तिथं दोरा सोडला, बाहुली सरळ केली आणि करकचून गाठ मारली. चिझुरू काहीतरी बोलणार होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती गप्प बसली.

किल्ल्यावर माणसांचा महापूर होता. झाडांखाली निळ्या ताडपत्र्या, त्यांच्या कडेला ओळीनं काढून ठेवलेले जोडे, कुठं गाणी, कुठं नुसतंच घोरणं. बाहेरच्या खंदकात पाकळ्या इतक्या दाट पडल्या होत्या की पाणी कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. एका बदकानं त्यातून वाट काढली, आणि त्याच्यामागं पाण्याची काळी रेघ उमटून पुन्हा बुजली. मायलेकी शेजारी शेजारी चालत होत्या, पण मधे छत्री होती आणि बोलणं तेच, फोनवरचं. सामान बांधून झालं का. हो, बरंचसं. तिकडे उकाडा असेल. हो, असेल.

वाटेत एका टपरीवर माकुळं भाजत होती. कात्सुको थांबली नाही तर ती कात्सुको कसली. तिनं वाकून वास घेतला. “हे माकूळ आहे? हा तर चपलेचा तळ आहे!”

टपरीवाला रागावला. “मावशी, घ्यायचं नसेल तर पुढं सरका.”

“वाळवायला कुणी शिकवलं तुला? शत्रूनं?”

“ऊन नव्हतं हो त्या आठवड्यात, पाऊस होता!”

“तेव्हा मी घरीच होते,” कात्सुको म्हणाली. “माझ्यावर ढकलू नकोस.” तो बिचारा बघतच राहिला. चिझुरू मात्र हसली. स्टेशनावरून निघाल्यापासून पहिल्यांदा. मला जरा बरं वाटलं.

तांबड्या पुलाच्या अलीकडे, खंदकाच्या कडेला आम्हाला जागा मिळाली. चटई टाकली. कात्सुकोनं फडकं सोडून डब्याचे थर मांडले. अंड्याच्या गुंडाळ्या, माशाचे भाताचे गोळे, सोयाच्या पिशवीतला आंबट भात. चिझुरू त्या डब्याकडे नुसती बघत राहिली. एक घास खाल्ला आणि चावायचं विसरली. शेजारच्या ताडपत्रीवर लालबुंद झालेला एक म्हातारा साकेचा पेला उंच करून आम्हाला म्हणाला, “काय सुरेख हवा पडलीय, नाही? असा दिवस दहा वर्षांत झाला नाही!”

कात्सुको वर बघत होती. ऊन तिच्या कुरळ्या केसांवर, डब्यावर, चिझुरूच्या रबरी बुटांवर सारखंच पडलं होतं. दुपार उलटून गेली होती. तिनं भाताच्या गोळ्याला हातही लावला नव्हता.

मला वाटलं, जरा गंमत करावी. “चला, सुटलीस! गावात जाऊन सांगते, कात्सुको काही पाऊसबाई नाही, आम्ही उगाच माकुळं आत घेत होतो.”

ती माझ्याकडे वळली. अशी नजर मी तिची कधी पाहिली नव्हती. “मग मी घरी का बसले?” ती म्हणाली. “तोकी, मी जर पाऊस आणत नाही, तर मग सगळी वर्षं मी घरी का बसले?”

 शेजारच्या म्हाताऱ्यानं पेला हळूच खाली ठेवला.

“मला वाटायचं,” कात्सुको बोलत राहिली, पण माझ्याशी नाही, डब्याशी बोलल्यासारखी, “निदान तिला ऊन तरी देतेय. दुसरं काही देता येत नाही, ऊन तरी देतेय. ते आपलं आपणच पडत होतं. मी गेले असते तरी पडलं असतं. पाच वर्षं पोरगी पळाली आणि मी एकदाही बघितलं नाही.”

तिचा आवाज फुटला. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले. या बाईला आपण काहीतरी मोठं करतोय याचा केवढा भरवसा होता, आणि तो मी थट्टेत पायाखालून ओढला.

चिझुरूनं हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. “आई,” ती म्हणाली, “मला ते ऊन नको होतं.”

“काय?”

“क्रीडादिनाला सकाळी डोळे उघडले आणि ऊन दिसलं, की मला कळायचं, आई येणार नाही. मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडायची. मला उन्हाचा राग यायचा.” तिनं छत्री मांडीवर घेतली आणि बाहुलीला बोट लावलं. “मला गाठ मारता येते, आई. चांगली येते. मी बाहुली मुद्दाम उलटी टांगायची. सरळ टांगली तर ऊन, उलटी टांगली तर पाऊस. सगळी मुलं ऊन मागायची, मी पाऊस मागायची. पाऊस आला तर शर्यत रद्द झाली असती आणि तू मला घरी न्यायला आली असतीस. आणि दरवर्षी सकाळी उठून बघायची तर बाहुली सरळ. घट्ट गाठ मारून सरळ. मला वाटायचं, आई सांगतेय की मला यायचं नाहीये.”

कात्सुकोनं तोंडावर हात धरला. मला तिचं दरवर्षीचं कुरकुरणं आठवलं आणि स्टेशनाबाहेरची ती करकचून मारलेली गाठ आठवली. दोघींनी एकाच खिडकीत, एकाच दोऱ्यावर, एकमेकींसाठीच काम केलं होतं, आणि एकीनं केलेलं दुसरी सोडवत होती.

“पण तू रडली होतीस,” कात्सुको कशीबशी म्हणाली. “पहिलीत. तुझी शर्यत थांबली म्हणून.”

“शर्यतीसाठी नाही! त्या बायका तुला हसत होत्या म्हणून. आणि तू डबा बांधून मान खाली घालून चाललीस म्हणून. माझ्या आईनं मान खाली घातलेली मी तेवढी एकदाच बघितली.”

आता मात्र मला राहवेना. “आणि मी सांगते तुला तिसरी गोष्ट,” मी मधे घुसले. “रिलेचं संगीत लागलं की ही बाई अंगणात उभी राहून टेकडीकडे ओरडायची. पळ चिझुरू पळ, मागं बघू नकोस. दरवर्षी. मी विचारलं तर म्हणाली, माकुळांना सांगतेय.”

“तोकी!” कात्सुकोनं डोळे वटारले.

“वटार किती वटारायचे ते. खरं आहे की नाही?”

चिझुरू आईकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “मागं बघू नकोस म्हणायचीस? मी सगळा वेळ मागंच बघायची. तू आलीस का बघायला. म्हणून माझा नंबर कधी आला नाही.”

 मग कात्सुकोनं नाक पुसलं, डब्यांवर झाकणं ठेवली आणि पाठ ताठ केली. ही पाठ मी ओळखते. तिनं छत्री चिझुरूच्या मांडीवरून उचलली, मुठीवरची ती बाहुली सोडवली, चुरगळू न देता पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “हिला आता विश्रांती. ऊठ.”

“कुठं जायचंय?”

“त्या तांबड्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. पळत.”

“आई, मी चव्वेचाळीस वर्षांची आहे! आणि हे बूट बघ!”

“बूट पावसाचे आहेत, म्हणजे माझ्याच दिवसाचे आहेत. ऊठ.”

“लोक बघतील.”

“बघू देत,” कात्सुको म्हणाली. “मीही बघणार आहे.”

तिनं मिटलेली छत्री चिझुरूसमोर धरली. “घे. तुझ्या हातात यायची राहिली होती.”

चिझुरू उठली, तिनं बूट चढवले. चटईच्या टोकाशी जाऊन उभी राहिली, तोंड पुलाकडे, एक हात मागे पसरलेला.  कात्सुकोनं त्या हातात छत्री ठेवली, नुसती ठेवली नाही, दोन्ही हातांनी लेकीची बोटं मुठीवर मिटवली आणि पाठीवर थाप मारली.

चिझुरू पळत सुटली. ते बूट थबथब वाजत होते, रेनकोट हातातून पडला तो तिथंच राहिला, आयाबाया पोरं ओढून बाजूला होत होत्या. कात्सुको चटईवर उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि माझ्या मागच्या दारातून इतकी वर्षं ऐकलेला तो आवाज सगळ्या किल्ल्यावर गेला, “पळ, चिझुरू, पळ! मागं बघू नकोस! मी आहे!”

शेजारचा म्हातारा धडपडत उठला आणि टाळ्या वाजवायला लागला. त्याला काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. पण त्याच्या ताडपत्रीवरची सगळी मंडळी उठली, मग पलीकडची, आणि “पळ, पळ!” असा एकच गलका झाला. चिझुरू पुलाच्या खांबाला हात लावून वळली. तिचा चेहरा आता आमच्याकडे होता, लालबुंद, केस सुटलेले, तोंड उघडं, आणि एकदाही मागं न बघता ती सरळ आईकडे पळत येत होती. चटईपाशी पोचली तेव्हा तिला श्वास घेता येईना. ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि तशीच मान वर करून तिनं विचारलं, “आई... कितवी आले?”

“पहिली,” कात्सुको म्हणाली. “मी स्वतः बघितलं.”